एक्झिटलिंगमीमांसा

दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आणि मोरो केशव दामल्यांचे १९११ साली प्रसिद्ध झाले. उभयतांस जॉर्जिया ४०० या महामार्गाचा परिचय नसल्याने 'एक्झिट' या शब्दाचे लिंग अनिर्णित राहिले. अल्फारेटानिवासी मराठी समाजास ही उणीव विंडवर्ड पार्कवेचा ११ क्रमांक मागे पडताच तीव्रतेने जाणवते. तिच्या परिमार्जनार्थ प्रस्तुत प्रबंध.

व्याख्या : जो ओलांडल्यावरच निश्चितपणे ओळखू येतो, तो एक्झिट. (व्याख्येतील पुल्लिंग तात्पुरते समजावे.)

परकीय शब्दास लिंग देण्याच्या परंपरागत रीती दोन. पहिली अन्त्यस्वरानुसारी : पोर्तुगीजांकडे स्त्रीलिंगी असलेला बटाटा आकारान्त म्हणून मराठीत पुरुष झाला. अकारान्त शब्द मात्र तिन्ही लिंगांत नांदतात. सबब ही रीत येथे निरुपयोगी. दुसरी अर्थानुसारी : गाडीच्या पुण्याईने कार स्त्रीलिंगी झाली. या रीतीतून तीन संप्रदाय उद्भवले.

१. फाटावादी. 'एक्झिट गेला.' आचार्य : भारतातून आलेले आजी-आजोबा, ज्यांची दीक्षा एसटीत झाली.

२. वाटवादी. 'एक्झिट गेली.' चालकवर्ग प्रायः याच मताचा.

३. वळणवादी. 'एक्झिट गेलं.' मागील आसनावरील बालके. निर्जीवमात्रास 'इट' म्हणण्याचा शालेय संस्कार येथे साहाय्यकारी दिसतो.

प्राकृतातील नपुंसकलिंग मराठीने राखले, हिंदीने त्यागले. त्यामुळे शेजारच्या हिंदीभाषक कुटुंबास दोनच संप्रदायांवर भागवावे लागते.

लिंगाहून गहन प्रश्न प्रयोगाचा. चालक म्हणतो, 'एक्झिट मिस झाली.' रचना अकर्मक. चालकाचा उल्लेख नाही. एक्झिट स्वतःच्या जबाबदारीवर गेलेली. तत्क्षणी शेजारच्या आसनावरून पाठभेद येतो : 'तू मिस केलीस.' या रूपातील ईकार एक्झिटने पुरविला आहे आणि अन्त्य सकार चालकाने. व्याकरणकार यास कर्तृ-कर्मसंकर म्हणतात. क्रियापद एकाच वेळी कर्माशी आणि कर्त्याशी जुळते, ही मराठीची सूक्ष्मता चालकास क्वचितच भावते. 'मॅपने उशिरा सांगितलं' हा त्याचा प्रतिवाद भावे प्रयोगाचा निर्दोष नमुना असूनही ग्राह्य धरला जात नाही.

अनेकवचनाचा अध्याय रिक्त ठेवणे भाग आहे. ११ पाठोपाठ मॅकफार्लंडचा १२ही मागे पडल्यास गाडीत उदाहरणे मिळत नाहीत.