तीस तोळ्यांचं मडगार्ड

रोड बाइक विकणारा आणि सराफ, दोघंही ग्रॅममध्ये बोलतात. सराफाकडे वजन वाढलं की किंमत वाढते, सायकलवाल्याकडे वजन घटलं की वाढते, एवढाच काय तो फरक. आठ किलोची सायकल बारा किलोच्या सायकलीपेक्षा महाग का, हे जबलपूरच्या सराफ्यात एखाद्या पेढीवर समजावून सांगून बघा. गादीवरचे शेठजी आधी पाणी देतील, मग चहा, आणि मग घरात कोणी वडीलधारं आहे का, अशी हळूच चौकशी करतील.

त्यामुळे हिवाळ्यासाठी मडगार्ड बसवायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे पहिला हिशेब वजनाचाच झाला. पुढचं आणि मागचं मिळून साडेतीनशे ग्रॅम. गल्लीच्या भाषेत तीस तोळे. लग्नात एवढं अंगावर घातलं तर गावभर चर्चा होते, सायकलवर घातलं तर बरोबरचे भिडू म्हणतात, "काय बड्डे, अब तो चढाई पे हाँफोगे." स्वतःच्या पोटावरचे सहाशे तोळे मात्र कुणी मोजत नाही.

हिवाळ्यात चिखल कुठून येतो, असं पुण्याचे पाहुणे हमखास विचारतात. त्यांनी मावठा पाहिलेला नसतो. पौष-माघात आभाळ भरून येतं, बोचरा वारा सुटतो आणि गव्हा-हरभऱ्याला हवा तेवढा पाऊस पडून जातो. शेतकरी खूश. आणि मावठा नसला तरी सराफा कोरडा नसतोच. दुकान उघडलं की पायरी धुवायची, समोर पाणी मारायचं, मग देवाला उदबत्ती. त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेल्या कमानिया गेटकडे पोहोचेपर्यंत मागच्या चाकानं कमरेपासून कॉलरपर्यंत एक सरळ, ठसठशीत रेघ ओढलेली असते. चाक रस्त्यावरचं पाणी उचलतं आणि वर भिरकावतं. मध्ये अडवायला काही नसलं तर तुमची पाठ असते. पुढच्या चाकाचं पाणी बूट आणि चेन वाटून घेतात.

या गावाला मडगार्ड शिकवायची गरज नव्हती. 1904 पासून इथे गन कॅरेज फॅक्टरी आहे, पुढे खमरियाची आली, आणि कामगार निघायचे ते काळ्या, उंच, दणकट सायकलींवर. त्यांची मडगार्डं पत्र्याची. मागच्याच्या टोकाला पांढरा रंग, लाल काच आणि खाली लोंबणारं रबर. टायर आणि पत्र्यात दोन बोटं सहज जातील इतकी ऐसपैस जागा. माझ्या सायकलीचं टायर पंचवीस मिलिमीटरचं, त्याच्या आणि ब्रेकच्या फटीत करंगळी शिरत नाही, आणि मडगार्डच्या तारा अडकवायला चौकटीला भोकंसुद्धा ठेवलेली नाहीत. शर्यतीत पाठीवर चिखल म्हणजे शोभा, असं बनवणाऱ्याचं मत असावं.

सायकल दुरुस्तीवाल्यानं मान हलवली. मग काम गेलं आमच्याच जिन्याखाली बसणाऱ्या कारागिराकडे. त्यानं सायकल उलटी केली, डोळ्याला भिंग लावलं आणि नथ न्याहाळावी तसा ब्रेक न्याहाळला. मडगार्डची प्लास्टिकची पट्टी ब्रेकखाली अडत होती, तेवढा भाग त्यानं दागिन्याच्या बारीक करवतीनं कापला. तांब्याची तार फुंकणीनं तापवून मऊ केली, चौकटीभोवती दोन वेढे दिले, सांडशीनं पिळली. खाली चामड्याचा तुकडा, रंगाला चरा नको म्हणून. मी सायकल घ्यायला हात पुढे केला तर म्हणाला, "रुको भैया," आणि कापलेल्या कडेवर कानस फिरवत बसला. तिथे कुणाचा हात कधी लागणार होता? पण कड बोचरी सोडणं त्याच्या हाताला जमत नसावं.

इंग्लंडमधल्या सायकल क्लबांत हिवाळ्यात मागच्या मडगार्डला खाली लांब झालर लावावी, असा संकेत असतो. पाठीमागून अगदी चिकटून येणाऱ्याच्या तोंडावर फवारा उडू नये म्हणून. झालर नसेल त्यानं मुकाट्यानं सर्वांच्या मागे राहायचं. मला हे फार पटलं. स्वतःच्या पाठीसाठी तीस तोळे जड वाटतात. मागच्याच्या तोंडासाठी वाटू नयेत. आमच्यातले भिडू आता बरोबर माझ्या मागे राहतात आणि वजनावर बोलायचं थांबलेत.

एक गैरसोय आहे, ती सांगितली पाहिजे. पाटणच्या बाजूला काळी माती आहे. मावठ्यानंतर तिकडच्या कच्च्या रस्त्याला लागलात की ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचं थांबतं. खेडूत अशा वेळी कुंपणाची काटकी मोडून माती उकरतात. मी स्पोकच्या तुकड्यानं उकरतो, दिसायला जास्त शास्त्रीय वाटतं.

सराफ्यातला चिखल मात्र वेगळ्या मोलाचा. पहाटे इथे न्यारिये येतात, आपल्याकडचे झारेकरी. पेढ्यांपुढची धूळ आणि गटारातला गाळ गोळा करून धुतात आणि कानशीतून निसटलेले सोन्याचे कण वेगळे काढतात. परवा त्यांच्यातल्या एका आजोबांनी सायकल थांबवली, वाकून मडगार्डच्या आतली बाजू बघितली आणि विचारलं, "भैया, इसको धोते कहाँ हो?"

आता सायकल त्यांच्याच घमेल्यात धुतली जाते. पाण्याचा खर्च त्यांचा.