‘काळाबरोबर बदला’ म्हणणाऱ्यांना

यंत्र माणसाचा आवाज हुबेहूब काढायला लागल्यापासून डबिंग करणाऱ्यांना, जिंगल गाणाऱ्यांना, मुखपृष्ठं काढणाऱ्यांना उठता-बसता एकच सल्ला ऐकावा लागतोय: काळाबरोबर बदला. सल्ला देणाऱ्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला जमा होत असतो. आणि दाखला हमखास बोलपटाचा. मूकपट गेला, बोलपट आला, हुशार होते ते तरले! दाखला उत्तम आहे. फक्त तो अर्ध्यावर सोडू नका.

मार्च १९३१ मध्ये मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि १९३२ मध्ये कोल्हापूरच्या ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ बोलू-गाऊ लागला. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल ही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेली, रंग-कुंचल्यात वाढलेली माणसं. त्यातल्या दामल्यांनी ध्वनिमुद्रण अंगावर घेतलं. पार्श्वगायन अजून यायचं होतं. नट कॅमेऱ्यासमोर खरोखर गातोय, साजिंदे चौकटीबाहेर पण माइकला ऐकू जातील इतक्या अंतरावर दबून बसलेत; एकाचा ठेका चुकला की सगळं पहिल्यापासून. संगीत नाटकात मुरलेल्या गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि हरिश्चंद्रही उभा केला. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे विष्णुपंत पागनीस १९३६ मध्ये ‘प्रभात’च्याच चित्रपटात तुकाराम झाले आणि पुढच्याच वर्षी तो चित्रपट व्हेनिसला गाजला.

एवढी उडी मारायचं बळ कुठून आलं? कंपनी त्यांची होती! शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी १९२९ मध्ये ती काढली होती. यंत्र कधी आणायचं, त्यावर काय करायचं, हे कलावंतच ठरवत होते. पडद्यावर नाव त्यांचं, गल्ल्यात वाटा त्यांचा. माझ्या मते ‘प्रभात’च्या यशात हुन्नराइतकाच या मालकीचा हात आहे, आणि सल्लागार नेमका तोच भाग गाळतात.

आज यंत्र परक्याचं, त्याला शिकवायला वापरलेला आवाज मात्र आपला. अरिजित सिंगला २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आवाजाच्या नकलेविरुद्ध संरक्षण दिलं, ते योग्यच झालं. पण अंधेरीच्या स्टुडिओत दिवसाच्या मानधनावर मालिकेतल्या सासूला आवाज देणारी बाई उच्च न्यायालयात कशी जाणार? तिच्यापुढे येतो तो करार: सर्व माध्यमांत, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या, कायमस्वरूपी. खाली सही. वाचायला वेळ मागितला तर दुसरीला फोन जातो.

हॉलिवूडच्या नटांनी २०२३ मध्ये ११८ दिवस काम बंद ठेवलं आणि डिजिटल नकलेसाठी संमती आणि मोबदला करारात लिहून घेतला. तेही काळाबरोबर बदलणंच होतं. यंत्र शिका, जरूर शिका. दामले शिकलेच की. पण आपल्या संघटनांनी हे कलम आता मराठीत लिहून निर्मात्यांपुढे ठेवावं: या ध्वनिमुद्रणातून यंत्राला शिकवायचं असेल तर वेगळी संमती, वेगळं मानधन, प्रत्येक वापराचा हिशेब. आणि ते मान्य होईपर्यंत ‘कायमस्वरूपी’ या शब्दाखाली कुणीही, अगदी कुणीही, एकट्याने सही करू नये.