पुण्याचे थोरले भाऊ

लातूर पॅटर्नची हवा मराठवाड्यात सगळीकडे पोचली आहे. नळदुर्गच्या पुढे, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या जळकोटलाही. या हवेत वाढलेल्या पोराला कुठलीही परीक्षा सांगा, तो आधी विचारतो, ‘पाठ काय करायचं?’ रसायनशास्त्राला हा प्रश्न मानवतो. पण पदवीनंतर अमेरिकेत शिकायला लागणारी जीआरई म्हणा की एमबीएची सीईटी म्हणा, व्हर्बल नावाचा भाग आडवा येतो आणि त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून शब्दांची यादी हातात पडते. बॅरन्सच्या जुन्या जीआरई पुस्तकात अशी साडेतीन हजार शब्दांची यादी होती. यादी ‘ए’पासून सुरू होते. अबेट, अबेयन्स, अ‍ॅबरेशन हे घरादाराला पाठ होतात आणि ‘सी’ उजाडेपर्यंत दम निघतो. परिणामी, ‘ए’ने सुरू होणाऱ्या शब्दांत आपल्या सुशिक्षित तरुणाचा हात कुणी धरू शकत नाही. माझं म्हणणं एवढंच, की व्हर्बलमध्ये आपण पडतो ते शब्द कमी पडतात म्हणून कमी, आणि अक्कल जास्त होते म्हणून जास्त.

पाठांतराची वाट परीक्षा घेणाऱ्यांनीच बुजवत आणली आहे. 2011 साली जीआरईतून सुट्या विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न गेले, शब्दांच्या जोड्याही गेल्या. सप्टेंबर 2023 पासून व्हर्बलला 41 मिनिटांत 27 प्रश्न असतात, आणि झाडून सगळे वाक्यात नाहीतर उताऱ्यात गुंफलेले. त्यातला एक प्रकार मराठीत मांडून बघू. ‘सरपंचांनी रस्ता पुढच्या महिन्यात नक्की होईल असं सांगितलं, तरीही गावकऱ्यांनी चिखलातली पायताणं –’. पर्याय सहा: फेकून दिली, जपून ठेवली, भाड्याने दिली, सांभाळून ठेवली, रंगवून घेतली, सरपंचांना भेट दिली. यातले असे दोन निवडायचे, की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहावा. एकच बरोबर आला तर अर्धा गुणही नाही. मनाला सगळ्यात पटतो तो सहावा पर्याय, पण त्याला जोडीदार नाही. ‘तरीही’पाशी वाक्य कुठे वळलं हे ज्याने पाहिलं, तो जपून आणि सांभाळून यांची जोडी लावून पुढे गेला. ज्याला सरपंच ठाऊक होते, तो सहाव्यावर अडकला.

हीच खरी गोम आहे. न बोललेलं ऐकण्यात आपण कच्चे नाही, उलट अंमळ जास्तच पक्के आहोत. मुलगी पाहून गेलेल्या पाहुण्यांचा फोन येतो, ‘मुलगी छान, माणसं चांगली, जेवण तर फारच उत्तम झालं. आमचे थोरले भाऊ पुण्याला असतात, त्यांना विचारून कळवतो.’ बोलणाऱ्याचा सूर कोणता, असा प्रश्न जळकोटात शाळकरी पोराला विचारा, नाहीतर पारावरच्या म्हाताऱ्याला. नकार आहे हे दोघंही सांगतील. जेवणाची इतकी तारीफ होकारात कुणी करत नाही. इथवर पैकीच्या पैकी गुण. पण पुढच्या प्रश्नाला घोटाळा होतो. ‘उताऱ्यावरून थोरल्या भावांबद्दल काय म्हणता येईल?’ ते पुण्याला असतात आणि त्यांना विचारायचं आहे, एवढंच उताऱ्यात आहे. आमचा उमेदवार मात्र लिहितो, की त्यांचं घरात कुणी ऐकत नाही, दोन वर्षांपूर्वी वाटणीवरून बोलणं बंद झालं आणि फोनचा खर्च वाचवायला त्यांचं नाव पुढे केलंय. माहिती कदाचित शंभर टक्के खरी असेल. पण परीक्षेत ज्ञानी माणूस हरतो तो असा.

यावर कुणी म्हणेल, शब्दच येत नसतील तर उतारा वाचणार कसा? बरोबर आहे. शब्द लागतातच, पण ते यादीतून येत नाहीत, गरजेतून येतात. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि दरबारी कारभार उर्दूत चाले. आजही इनाम जमिनीचा वाद निघाला, की चौथी शिकलेला माणूस मुंतखब आणि खासरा पत्रक यांतला फरक वकिलाला समजावून सांगतो. त्याने यादी पाठ केली नव्हती. त्याची जमीन त्या कागदात अडकली होती. रोज एक इंग्रजी अग्रलेख, आपलं काहीतरी त्यात अडकल्यासारखा वाचला, तर तेच घडेल. दुसरा आक्षेप खेड्याबद्दलचा, आणि तो मात्र मला खोडता येत नाही. 2020 पासून जीआरई घरी बसून देता येते, पण खोलीत एकटं बसायचं, दार बंद आणि परीक्षा संपेपर्यंत कुणी आत यायचं नाही. ज्या घरात पोरगं अभ्यासाला बसलं की चुलती चहा घेऊन, धाकटा चार्जर शोधत आणि शेजारचे काका ‘कसला पेपर आहे?’ विचारत आत येतात, तिथे ही अट साडेतीन हजार शब्दांहून अवघड आहे.

शेवटचा आक्षेप असा, की अमेरिकेतल्या कित्येक विद्यापीठांनी अलीकडे जीआरईची सक्तीच काढली आणि एमबीए सीईटीत 200 पैकी 50 प्रश्नच व्हर्बलचे, तेही चुकीला गुण न कापणारे; मग एवढा खटाटोप कशाला? कारण लिहिलंय तेवढंच वाचायची सवय परीक्षेबाहेर जास्त लागते. पीकविम्यात गारपिटीसारख्या आपत्तीचं नुकसान 72 तासांच्या आत कळवायचं, अशी अट वर्षानुवर्षं होती. अट मराठीत, अवघड शब्द एकही नाही. तरी ‘तलाठी बांधावरून बघून गेले, म्हणजे सरकारला कळलंच की’ असं उताऱ्यात नसलेलं उत्तर काढून माणसं निर्धास्त बसायची. सीईटीला नसलं, तरी त्या पेपराला निगेटिव्ह मार्किंग होतं.