जुन्या कॅम्पर व्हॅनच्या निर्भय मालकांस अनावृत पत्र



फोक्सवॅगनच्या टाइप २ या वयोवृद्ध गाडीतच संसार थाटून इंग्लंडच्या किनाऱ्याकिनाऱ्याने संचार करणाऱ्या आपणांसारख्या रसिकांविषयी मला नितांत आदर आहे. कारण डच व्यापारी बेन पॉन यांनी १९४७ साली वहीच्या पानावर या गाडीचे पहिले रेखाटन केले इथपासून ते आपल्या गाडीच्या छताचा रंग कारखान्याच्या मूळ छटेशी किती जुळतो इथपर्यंतचा सारा इतिहास ज्यांना मुखोद्गत असतो, त्यांनाच गाडीतील पेट्रोलची नळी कोणत्या साली बसवली हे ठाऊक नसावे, ही विरक्ती सामान्य संसारी माणसास साधणारी नव्हे.

ती नळी जेमतेम करंगळीएवढी. तिच्यावर सुती विणीचे वेष्टण असते, आणि आतील रबराला भेगा पडून पेट्रोल पाझरू लागले तरी ती वीण खानदानी घराण्याच्या अब्रूप्रमाणे सर्व काही झाकून ठेवते. ‘अस्सल जर्मन माल’ म्हणून आपण ती जपता, हे उचितच आहे.

सरकारनेही आपल्या श्रद्धेस मान्यता दिली आहे. २०१८ च्या मे महिन्यापासून ग्रेट ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या आणि फारसे फेरफार न झालेल्या गाड्यांना एमओटी नामक वार्षिक तपासणी माफ झाली. आणि २०२१ च्या सप्टेंबरात त्याच मायबाप सरकारने साध्या पेट्रोलात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळण्याची तजवीज केली, जे जुन्या रबरास हळूहळू निकामी करते. नळीची झीज आणि निरीक्षकाची गैरहजेरी अशा दोन्ही सवलती एकाच दरबारातून मिळण्याचे भाग्य कितीजणांना लाभते? जुन्या गाड्यांनी कमी इथेनॉलचे महाग पेट्रोल घ्यावे, अशी सूचनाही सरकारने केली आहे म्हणा. पण आपण भाव पाहून पेट्रोल भरता, सूचना वाचून नव्हे.

इंजिनाचे स्थान तर दूरदृष्टीचा नमुनाच आहे. ते मागे, निजण्याच्या गादीखाली. आणि आपण चाक धरून पुढच्या टोकाला, त्यामुळे धुराची पहिली वार्ता बहुधा मागून येणाऱ्या परक्या माणसालाच कळते. १६०० सीसीच्या इंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते. ती एकदा पेटली की पाण्याने विझणे दूरच, उलट अधिक भडकते.

अशा स्थितीत इंजिन थंड असताना मागचे झाकण उघडावे, नळी दोन बोटांत धरून वाकवावी, वीण विरली आहे काय, टोकाशी रबर ताठरले आहे काय, क्लॅम्पची कड नळीत रुतली आहे काय हे पाहावे, नाक लावून वास घ्यावा, हे सारे आपल्या इभ्रतीस शोभणारे नाही, हे मी जाणतो. नळी जिथे इंजिनाभोवतीच्या पत्र्यातून आरपार जाते, तिथली रबरी ग्रोमेट गळून पडली असेल तर पत्र्याची धार प्रत्येक थरथरीबरोबर नळी थोडी थोडी कापत असते. आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल घेणारी पितळी तोटी केवळ दाबून बसवलेली असल्यामुळे, तिच्यावर फिल्टरचा भार लोंबकळत ठेवला तर ती एके दिवशी तापल्या इंजिनावरच राजीनामा देते. तो फिल्टर ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर टांगणाऱ्या गृहस्थांस मात्र मी निर्भय म्हणणार नाही. त्यांच्यासाठी निराळा शब्द आहे, तो पत्रात लिहिण्याजोगा नाही.

टाकीच्या तळाशी असलेल्या नळीच्या तुकड्याविषयी मी अवाक्षर काढत नाही. तिथे हात पोहोचण्यास बरेचदा इंजिनच उतरवावे लागते, आणि जे दिसत नाही ते सुस्थितीत असते, हा आपला सिद्धांत सर्वश्रुत आहे. इथेनॉल सोसणारी नवी नळी चहा-बिस्किटांच्या खर्चात मिळते, ही बाब निदर्शनास आणणेही आगाऊपणाचेच.

माझी विनंती अगदी मर्यादित आहे. येथील मुक्कामाच्या तळांवर आगीच्या भयाने दोन वाहनांमध्ये ६ मीटर अंतर राखण्याचा रिवाज आहे. माझा तंबू आपल्या गाडीच्या मागील बाजूस पडतो. तरी आपण झाकण उघडून नळीची पाहणी केल्याची वर्दी मिळेपर्यंत हे अंतर तिप्पट करण्याची मुभा मला असावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
तंबूवासी शेजारी