बावळटांची तरफदारी

कारेगावात ज्या घरात संगणक आहे, त्या घरात एक बावळटही असतो. बहुतेक वेळा ती आई असते, कधी वडील, कधी गावाकडून चार दिवस राहायला आलेला काका. पडद्यावर काही उगवलं की त्याचा हात मागे येतो. "अरे, हे काय विचारतंय बघ जरा," अशी हाक जाते. पोरगा कंपनीत सेकंड शिफ्टला गेलेला असेल, तर तो येईपर्यंत संगणक तसाच राहतो. पोरगा वैतागतो: "ओके दाबायचं ना, त्यात विचारायचं काय?" घरचे, शेजारचे, दुरुस्तीवाला, सगळे त्या माणसाला बावळट ठरवून मोकळे होतात. मी त्याच्या बाजूने लिहितो आहे. लोक त्याला ज्या शब्दाने हिणवतात, तोच शब्द मी मानाने वापरणार आहे.

कारेगाव पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारी. एमआयडीसी आली, एलजी, व्हर्लपूल, फियाट यांचे कारखाने उभे राहिले आणि ज्वारी-बाजरीच्या रानाकडेला भाड्याच्या खोल्यांच्या रांगा लागल्या. लातूर, नांदेड, बीडपासून पार बिहारपर्यंतची माणसं तिथे राहतात. खोलीत संगणक असला तर बहुधा जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. पण त्याच्यावर काय नसतं? महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज, आयटीआयचा प्रवेश, गावाकडच्या जमिनीचा सातबारा, पीएफचं पासबुक, बँकेचं लॉगिन, बहिणीच्या लग्नाची सगळी चित्रं. मोठ्या कंपनीत या गोष्टींची राखण करायला पगारी माणसं असतात. खोलीत तो बावळट असतो.

त्याच्या सगळ्या खोडींत मला विचारण्याची खोड सर्वांत मोलाची वाटते, आणि त्याला कारण आहे. पेनड्राइव्हवरून पसरणारे व्हायरस एके काळी माणसावर अवलंबून नव्हते. पेनड्राइव्ह खोचला की विंडोज त्यातला प्रोग्रॅम आपणहून चालू करी. विंडोज ७ मध्ये ही सोय बंद झाली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसा अपडेट आला. व्हायरस लिहिणाऱ्यांचं त्यामुळे मोठं नुकसान झालं आणि त्यांनी दुसरी वाट शोधली. आता व्हायरस पेनड्राइव्हमधली खरी फोल्डरं लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे ठेवतो. 'लग्न फोटो' असं दिसतं, चित्रही फोल्डरचंच असतं, फक्त कोपऱ्यात एक बारीक बाण असतो. त्यावर टिचकी मारली की आधी व्हायरस चालू होतो आणि मग खरं फोल्डरही उघडतं, म्हणजे शंका यायला जागाच राहत नाही. कारेगावच्या खोल्यांतून, झेरॉक्सच्या दुकानांतून, फोटो स्टुडिओतून हा शॉर्टकट वर्षानुवर्षं फिरलेला आहे.

या सगळ्या रचनेत एकच गोष्ट कमी आहे: माणसाचं बोट. विंडोजने दार लावून घेतल्यावर व्हायरसला आतून कडी काढणारा कुणीतरी लागतो. हुशार माणसाचं बोट सरावाने झपझप चालतं, कारण त्याला तो बाण दिसण्याआधीच फोल्डर उघडायचं असतं. बावळटाचं बोट थांबतं. "याच्यावर हा बाण कसला रे?" हा त्याचा प्रश्न संगणक सुरक्षेच्या दृष्टीने अचूक आहे, आणि तो विचारल्याबद्दल घरात त्याला हसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा आरोप पैशांचा. बावळट माणूस दुकानातून अँटिव्हायरसचं पाकीट विकत आणतो, वर्षाने पुन्हा आणतो. हुशार माणूस सांगतो की फुकट मिळणाऱ्या वस्तूला पैसे मोजणं हा मूर्खपणा आहे.

इथे हुशार माणसाचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते अर्धं मी आधी मान्य करतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरस विंडोजमध्येच येतो. विंडोज १० आणि ११ मधला डिफेंडर वेळच्या वेळी अपडेट होत असेल, तर बहुतेक घरांना तो पुरतो. त्याच्यावर आणखी एक बसवला तर डिफेंडर बाजूला होतो, आणि त्याच्यावरही तिसरा बसवला तर दोघे एकाच फाइलवर एकदम झडप घालतात, एकमेकांच्या कामाला धोका समजतात आणि जुना संगणक जागीच रखडतो. दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा, असं होत नाही. नव्या लॅपटॉपबरोबर चाचणीपुरतं आलेलं, मुदत संपून नुसत्या सूचना देत बसलेलं पाकीट तर काढूनच टाकावं, म्हणजे डिफेंडर पुन्हा कामाला लागतो.

पण बावळट पाकीट का घेतो हे समजून घ्यायचं तर पुण्यातला एक धंदा कसा उभा राहिला ते पाहावं लागतं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. पुढे संगणक दुरुस्तीकडे वळून त्यांनी १९९३ मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडत. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढण्याचे प्रोग्रॅम लिहिले आणि त्यातून १९९५ मध्ये क्विक हील विक्रीला आलं. कंपनीचं नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. म्हणजे हा माल दुरुस्तीच्या टेबलावर जन्मला. समोर बिघडलेला संगणक, पलीकडे काळजीत पडलेलं गिऱ्हाईक आणि मधे एक माणूस. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत अँटिव्हायरस जो पोचला तो याच वाटेने, हातात स्क्रू-ड्रायव्हर असलेल्या माणसाबरोबर.

शिरूरच्या नाहीतर रांजणगावच्या दुकानात बावळट जे पैसे मोजतो, ते त्याच्या लेखी त्या माणसाचे असतात. पाकिटाच्या मागे दुकानदाराचा नंबर लिहिलेला असतो. "दादा, लाल खिडकी आली, काय करू?" असं विचारता येईल असा तो नंबर. डिफेंडरला असा नंबर नाही. ज्याच्या घरात जाणतं कुणी नाही, त्याने वर्षाला काही शे रुपये देऊन एका जाणत्या माणसाशी नातं ठेवलं, तर मी त्याला उधळा म्हणणार नाही. दुकानदार फोनच उचलत नसेल, तर मात्र ते पाकीट घेऊ नये. विंडोजमधलं आहे तेवढं बास.

आता क्रॅकविषयी, आणि इथे मला राग आवरत नाही. हुशार माणसाकडे प्रत्येक विकतच्या प्रोग्रॅमचा क्रॅक असतो. विंडोज चालू करणारा, फोटोशॉप उघडणारा, मराठी टाइपिंगचं कुलूप तोडणारा. त्या क्रॅकबरोबर एक चिठ्ठी येते आणि तिच्यात जवळजवळ नेहमीच पहिली ओळ तीच असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. अनोळखी माणूस सांगतो की मी आत येईपर्यंत कुत्रा बांधून ठेव, आणि हुशार माणूस तो बांधतो. अँटिव्हायरसने आरडाओरड केलीच, तर "ते खोटं दाखवतं, सगळेच वापरतात" असं बावळटाला समजावतो. कधीकधी ते खरोखर खोटं असतं. पण खरं कोणतं नि खोटं कोणतं हे सांगणारा एकमेव साक्षीदार आपण आधीच गप्प केलेला असतो.

अशा क्रॅकमधून जे आत येतं, ते आता पडद्यावर कवट्या नाचवत नाही. रेडलाइन नावाचा एक प्रोग्रॅम असाच जगभर पसरला होता. ब्राउझरने जपून ठेवलेले पासवर्ड, कार्डाचे नंबर आणि चालू लॉगिन उचलायचे, मालकाकडे पाठवायचे आणि गप्प राहायचं, एवढंच त्याचं काम. ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी इतर देशांच्या मदतीने त्याची यंत्रणा ताब्यात घेतली, पण त्या जातीचे दुसरे आहेतच. संगणक मात्र उत्तम चालत असतो. म्हणूनच हुशार माणूस छाती पुढे काढून सांगतो, "माझ्याकडे सहा वर्षं क्रॅक आहे, काही झालं नाही."

बावळट क्रॅक घेत नाही, कारण त्याला चोरीच्या मालाची भीती वाटते. ती भीती रास्त आहे. बारा-पंधरा हजार पगारात विकतचं सॉफ्टवेअर परवडत नाही हेही तितकंच खरं, आणि त्याला उपाय आहे. लिब्रऑफिस फुकट आणि कायदेशीर आहे. युनिकोड मराठी लिहिण्याची सोय विंडोजमध्येच असते. फोटोसाठी गिम्प आहे. दिसायला जरा वेगळं, शिकायला आठवडा लागतो. बावळटाला तसंही काहीच येत नसल्याने त्याला नवं शिकायला जड जात नाही.

अपडेटच्या वेळी बसून राहण्याचा वेडेपणाही असाच. 'संगणक बंद करू नका' असं पडद्यावर आलं की बावळट खरोखर बंद करत नाही. लाइट जाईल का म्हणून इन्व्हर्टरकडे बघत बसतो. हुशार माणसाने डेटा वाचवण्यासाठी अपडेटच बंद करून टाकलेले असतात. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतले संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. तो ज्या भोकातून शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. मधे जवळजवळ दोन महिने होते.

अपडेटनेही घात होतो, हे मी लपवणार नाही. त्याच वर्षी २७ जूनला जगभर पसरलेला नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच निघाला होता. त्याने मर्स्क या जहाज कंपनीला आडवं पाडलं आणि तिच्या समूहाकडे असलेल्या उरणजवळच्या जेएनपीटीतल्या टर्मिनलचं काम खोळंबलं. १९ जुलै २०२४ ला तर क्राउडस्ट्राइकच्या, म्हणजे राखणदाराच्याच, सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. तरीही घरच्या संगणकाबाबत माझं मत बदलत नाही. अपडेटने बुडालेली घरं मोजकी, अपडेट न केल्याने बुडालेली कितीतरी जास्त. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. कारेगावातल्या जुन्या यंत्रांपैकी ज्यांच्यावर विंडोज ११ चढत नाही, त्यांच्यावर बँकेचं काम करू नये हे मी आग्रहाने सांगेन.

"पण मोठ्या बँकाही लुटल्या जातात, आपल्या खोलीतल्या डबड्याचं काय?" असं हुशार माणूस म्हणतो. पुण्यातल्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण तो हमखास देतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मालवेअर घुसवून, एटीएमच्या व्यवहारांना खोटी मंजुरी देणारी व्यवस्था उभी करून, २८ देशांतल्या यंत्रांतून आणि हाँगकाँगला पाठवलेल्या रकमेतून तिचे सुमारे ९४ कोटी रुपये नेले. मी त्यातून उलटा अर्थ काढतो. खोट्या मंजुरीला खरी मानणारी यंत्रणा होती, म्हणून ते जमलं. प्रत्येक होकाराला "हे खरंच तूच म्हणालास का?" असं उलटून विचारण्याची सवय बावळटाला उपजत असते. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर ॲप बसवणारी एपीके फाइल आली तर तो ती उघडत नाही. मुलीच्या बापाला फोन लावतो. "पाव्हणं, पत्रिका तुम्हीच धाडली का?" बाप गोंधळतो, कारण पत्रिका अजून छापायलाच गेलेली नसते.

राहिली कपाटातली हार्डडिस्क. बावळटाचा कशावरच विश्वास नसतो. तो सातबारा छापून प्लास्टिकच्या फाइलीत घालतो, फोटो एका वेगळ्या डिस्कवर उतरवतो, ती डिस्क उपसून गोधडीखाली ठेवतो आणि महिन्याकाठी एकदाच काढतो. "क्लाउडच्या जमान्यात हे काय?" म्हणून पोरं हसतात. खंडणीखोर व्हायरस संगणकाला जोडलेली प्रत्येक डिस्क कुलूपबंद करतो. गोधडीखालच्या डिस्कपर्यंत पोचण्याची वाट आजवर कुणाला सापडलेली नाही.

आणि एवढं करूनही एखादे दिवशी बावळट फसतो, कारण फसवणारे दिवसभर तेच काम करतात. तेव्हा तो काय करतो ते पाहण्यासारखं आहे. हुशार माणसाला आधी स्वतःशी हिशेब लावायचा असतो. आपण फसलो हे बायकोला, शिफ्टमधल्या पोरांना कसं सांगायचं या विचारात तो दोन दिवस काढतो, आणि तेवढ्यात पैसे तीन-चार खात्यांतून फिरून कुठल्याशा एटीएममधून निघून गेलेले असतात. बावळटाला राखायला असं नावच नसतं. तो तिथल्या तिथे दारात येऊन ओरडतो, "माझं पैसं गेलं!" रांगेतली माणसं जमतात, कुणीतरी संगणकाची वायर ओढतं, कुणीतरी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावून फोन त्याच्या हातात देतं, आणि पैसे अजून पहिल्याच खात्यात असताना त्याची तक्रार नोंदवली जाते.