आमसुली बॅगेचे काका

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या माणसाला सोसायटीत पहिला प्रश्न ठरलेला: नायगरा पाहिलात का? या काकांना तो कोणी विचारत नाही. विचारलाच, तर उत्तर बॅगेपासून सुरू होतं आणि नायगरा येईपर्यंत ऐकणाऱ्याच्या घरचा वरणभात गार होतो.

झालं होतं एवढंच, की मुंबईहून चार बॅगा निघाल्या आणि तीन पोचल्या. मुक्काम कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला, वाटेत फ्रँकफर्ट आणि डेन्व्हर. अमेरिकेत पहिल्या विमानतळावरच आपल्या बॅगा उचलून कस्टममधून न्याव्या लागतात. डेन्व्हरचा बेल्ट रिकामा फिरू लागला तरी काका हलेनात. "अजून उतरवत असतील," म्हणाले. चौथ्या बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि पुरणयंत्र होतं. घरी तीनदा वजन करून बरोबर तेवीस किलो भरलेली बॅग!

तक्रार शेवटच्या मुक्कामी. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने बॅगांच्या चित्रांचा तक्ता पुढे केला. जगभरच्या विमानतळांवर हाच तक्ता चालतो. आकारावर बोट ठेवायचं, रंगावर बोट ठेवायचं, काम झालं. काकू म्हणाल्या, "आमसुली." तक्त्यात लाल होता, तपकिरी होता, आमसुली कुठून असणार? काकांच्या मते बॅग सरळसरळ लाल होती. "अहो, लाल काय? तुम्हाला घरातले पडदेही लालच दिसतात!" मागे रांग वाढत होती, म्हणून लाल लिहिलं गेलं. पुढे जे झालं ते त्या एका शब्दामुळे, असं काकूंचं आजही मत आहे.

हातात आला तक्रारीचा, म्हणजे पी.आय.आर. नंबर. दहा अक्षरं-आकडे: पहिली तीन अक्षरं विमानतळाची, पुढची दोन विमान कंपनीची, मग पाच आकडे. काकांना स्वतःचा आधार नंबर पाठ नाही. हा मात्र झोपेतून उठवून विचारा.

आठव्या दिवशी ठावठिकाणा लागला. बॅग सॅन होजेलाच होती, पण कोस्टा रिकातल्या. इकडच्या विमानतळाची खूण एसजेसी, तिकडची एसजेओ. वाटेत टॅग फाटला असेल आणि नवा लावताना कोणाचं तरी एक अक्षर हुकलं असेल, हा काकांचा निष्कर्ष. त्यांनी नकाशा काढून अंतरही मोजलं.

याच दिवसांत त्यांच्या हाती विमान प्रवाशांच्या भरपाईचा माँट्रियल करार लागला. 1999 चा, भारत त्यात 2009 साली आला. यायच्या दिवसापासून एकवीस दिवसांत बॅग आली नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. कमाल मर्यादा 1519 एसडीआर, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. मुलगा म्हणाला, "बाबा, ती मर्यादा आहे. भाजणीचे दोन हजार डॉलर कोणी देत नाही." काकांनी हे ऐकलं नाही. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली पडू लागली. दोन बनियन आणि दाढीच्या सामानाच्या पावत्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये गेल्या.

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी दारात बॅग!

काकूंनी आधी पुरणयंत्र छातीशी धरलं. आत अमेरिकी सुरक्षा खात्याची छापील चिठ्ठी होती: बॅग उघडून तपासली आहे. भाजणीचं पाकीट फोडून पुन्हा चिकटवलेलं. काका मात्र कॅलेंडरकडे बघत उभे होते. दोनच दिवस!

ती चिठ्ठी आता लॅमिनेट झाली आहे. सोसायटीतलं कोणी परदेशी निघालं, की काका आदल्या रात्री हजर. बॅगेचा फोटो काढला का? आतही नाव-पत्त्याचा कागद ठेवला का? जुने टॅग खरवडले का? एअरटॅगचं नाव निघालं तर थोडे हिरमुसतात. फोनवर बॅग दिसत बसली, तर करार वाचणार कोण?

मागच्या महिन्यात नवी बॅग घ्यायला दोघं लक्ष्मी रोडला गेले होते. दुकानदाराने झकास वाइन रंगाची बॅग पुढे ओढली. काकूंनी तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "नको. तक्त्यात नाही."