पेंग्विनची बढती

माहितीचे दोन प्रकार असतात : उपयोगाची आणि माझ्याकडची. ऑस्ट्रेलियातला वॉम्बॅट चौकोनी शी करतो, डबाबंद अन्न बाजारात आल्यावर डबा उघडायचं ओपनर निघायला चाळीसेक वर्षं गेली आणि तोवर लोक छिन्नी-हातोडीनं डबे फोडत, असलं काहीबाही मला पाठ असतं. लग्नात मी दिसले की नातेवाईक बुफेची रांग बदलतात. काका तेवढे ऐकून घेतात. सरकारी नोकरीत त्यांनी याहून निरुपयोगी कागद शेरा मारून पुढे पाठवलेत.

परवा त्यांना निल्स ओलाव सांगितला. एडिंबरात दरवर्षी लष्करी संचलनांचा मोठा सोहळा भरतो. त्यासाठी आलेल्या नॉर्वेच्या राजाच्या गार्डमधला निल्स एगेलियन हा अधिकारी तिथल्या प्राणिसंग्रहालयातल्या पेंग्विनांवर लुब्ध झाला. १९७२ मध्ये गार्डनं त्यातला एक किंग पेंग्विन चक्क दत्तक घेतला. निल्स हे नाव या अधिकाऱ्याचं, ओलाव हे तेव्हाच्या राजाचं. हुद्दा लान्स कॉर्पोरल.

काका सावरून बसले. "कायम की हंगामी?"

"कायमच म्हणायचा. पुढे कॉर्पोरल, सार्जंट अशा बढत्या. २००५ मध्ये कर्नल-इन-चीफ, २००८ मध्ये 'सर' किताब, २०१६ मध्ये ब्रिगेडियर. २०२३ मध्ये मेजर जनरल, वर बूवे बेटाची सरदारकी."

"बेटावर काय असतं?"

"बर्फ. माणूस एकही राहत नाही."

"म्हणजे तक्रार अर्ज नाहीत," काका हळहळले. "खात्याची परीक्षा?"

"नाही. सैनिक रांगेत उभे राहतात, हा त्यांच्यासमोरून डुलत जातो आणि पाहणी होते."

"पाहणी आमच्याकडेही तशीच व्हायची. बदली?"

"एकदाही नाही. आजतागायत एडिंबरा."

इथे मात्र ते गप्प झाले. काकांनी एकदा बढती नको म्हणून लिहून दिलं होतं, कारण बढतीसोबत सिरोंचा होतं.

"पण पेंग्विन पन्नास वर्षं जगतो?"

"नाही हो. आत्ताचा तिसरा. एक गेला की पुढच्याला तेच नाव, तोच हुद्दा."

"अनुकंपा!" काका उठूनच उभे राहिले. "अगं, आमच्याकडे अनुकंपावर लागायचं तर प्रतीक्षायादीत केस पिकतात, आणि तेही खालच्या पदावर. हा थेट वडिलांच्या खुर्चीत?"

वडिलांच्याच असं नाही, हे मी सांगितलं नाही. वारस दाखल्याचा विषय निघाला असता.

त्याच २०१६ मध्ये मुंबईत राणीच्या बागेत सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले, हीही माहिती मी पुरवली. "ते कंत्राटी असणार," म्हणून काकांनी त्यांना निकालात काढलं. त्यांच्या डोक्यात वेगळंच गणित चाललं होतं.

"'सर' झाला तो कितवा?"

"दुसरा."

"२००८ ला. म्हणजे तिसरा त्यानंतर रुजू झाला." काकांचा चेहरा उजळला. "१ नोव्हेंबर २००५ नंतरचा! गेली त्याची जुनी पेन्शन. मेजर जनरल असला म्हणून काय झालं!"